‘मारतो, पण शिकवतो’ : दोन चित्रपट आणि आपल्या टाळ्या



८ मार्चचा कार्यक्रम होता. वस्तीतल्या समाजमंदिरात पडदा बांधून आम्ही ‘आनंदी गोपाळ’ दाखवला. सव्वाशेच्या वर बायका जमल्या होत्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात निवडायची मेथी. चित्रपट संपला, दिवे लागले, तेव्हा बऱ्याच जणी पदराने डोळे पुसत होत्या. ‘कुणाला काही बोलायचंय का?’ असं मी विचारलं. पुढच्या रांगेतल्या पन्नाशीच्या एक ताई उठल्या. चार घरची धुणीभांडी करतात, बचत गटात कधी तोंड उघडत नाहीत. त्या म्हणाल्या, “माझा नवरा नुसताच मारायचा, शिकवलं काही नाही. असा शिकवून मारणारा भेटला असता, तर मी पण आज कुठल्या कुठं गेले असते.”

सगळ्या जणी हसल्या. मग टाळ्या पडल्या. एवढ्या माणसांत एक बाई पहिल्यांदा उठून बोलली, याचं कौतुक म्हणून आम्ही कार्यकर्त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

रात्री सतरंज्या आवरताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या ताईंनी मार गृहीतच धरला होता. नवरा म्हटला की मार आलाच. त्यांची तक्रार एवढीच होती की माराच्या बदल्यात पदरात काही पडलं नाही. हे त्यांना आमच्या चित्रपटाने शिकवलं असं मी म्हणत नाही. ते आयुष्याने शिकवलं होतं. पण आमच्या चित्रपटाने त्यावर शिक्का मारला, आणि आमच्या टाळ्यांनी सही केली. हा लेख त्या टाळ्यांबद्दल आहे.

उघड शत्रू आणि आपले वाटणारे

बाईला सरळसरळ तुच्छ लेखणाऱ्या चित्रपटांशी भांडणं सोपं असतं. २०१९ साली ‘कबीर सिंग’ आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकींनी लिहिलं, बोललं, कॉलेजातून चर्चा घेतल्या. ते करायलाच हवं होतं. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या समीर विद्वांस यांच्या ‘आनंदी गोपाळ’बद्दल आपण काय बोललो? आपण तो डोक्यावर घेतला. सामाजिक विषयावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्यासारख्या संस्थांनी तो शिबिरांच्या कार्यक्रमपत्रिकेत कायमचा घालून ठेवला.

दुसरा चित्रपट हिंदी आहे, हलकाफुलका, प्रेमकथेचा : शशांक खेतान यांचा ‘बद्रीनाथ की दुल्हनिया’ (२०१७). आमच्या किशोरी गटातल्या मुलींचा लाडका. मुलीच्या नोकरीच्या हक्काबद्दल आणि हुंड्याविरुद्ध त्यात स्पष्ट बोललेलं आहे, म्हणून आम्हीच तो ‘चालेल’ म्हणून निवडला होता.

एक ऐतिहासिक, एक विनोदी. एक एकोणिसाव्या शतकातला, दुसरा आजच्या झाशीतला. एकात नऊवारी, दुसऱ्यात हवाईसुंदरीचा गणवेश. पण दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तेव्हा मला त्यांच्यात एकच गोष्ट दिसली. बाई शिकते, नोकरी करते, पुढे जाते आणि त्या वाटेवर पुरुष तिच्यावर जी जबरदस्ती करतो ती त्याच्या प्रेमाचा पुरावा म्हणून जमेस धरली जाते. शेवटी हिशेब होतो आणि नफा दाखवला जातो. मार खर्चात, पदवी जमेत. हा जमाखर्च खोटा आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

नावापासून सुरुवात

आधी दोन्ही चित्रपटांची नावं बघा. ‘बद्रीनाथ की दुल्हनिया’. नायिकेचं नाव वैदेही त्रिवेदी. ती शिकलेली आहे, स्वतःच्या पायावर उभं राहायचं तिच्या मनात आहे, मांडवातून पळून जाण्याचं धाडस तिच्यात आहे. पण चित्रपटाच्या नावात ती नाही, तिथे आहे बद्रीनाथची नवरी. त्याआधी २०१४ साली ‘हम्प्टी शर्मा की दुल्हनिया’ येऊन गेला होता, आणि त्याच्याही मागे १९९५ पासून मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षं चाललेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ उभा आहेच. नवरी ही न्यायची वस्तू. न्यायची कशी, एवढाच काय तो कथेचा प्रश्न.

आता ‘आनंदी गोपाळ’. ऐकायला किती समतेचं वाटतं! दोघांची नावं शेजारी शेजारी. मुळात हे नाव श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीचं, आणि कादंबरीमुळेच ते घराघरांत पोचलं. पण आपल्याकडे लग्न झालेल्या बाईचं नाव कसं लिहितात ते आठवा. आधी तिचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. रेशनकार्डावर लिहिलेलं असतं तसंच हे नाव आहे. शिवाय ‘आनंदी’ हेही तिचं नाव नव्हे. ती १८६५ साली जन्मली तेव्हा यमुना होती. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात कारकुनी करणाऱ्या, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या बिजवराशी झालं, आणि नवऱ्याने तिचं नाव आनंदी ठेवलं. म्हणजे दोन शब्दांच्या त्या शीर्षकातला एक शब्द नवऱ्याचं नाव, आणि दुसरा शब्द नवऱ्याने दिलेलं नाव. यमुना त्यात कुठेच नाही.

पत्र, जे आम्ही वाचून दाखवलं नाही

गोपाळराव जोशी यांचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही. १८८३ साली एका ब्राह्मण कारकुनाने अठरा वर्षांच्या बायकोला समुद्रापार, एकटीला, वैद्यकी शिकायला पाठवावं, ही लहान गोष्ट नव्हती. जातभाईंचा रोष, टवाळी, बदल्या हे सगळं त्यांनी सोसलं. त्यांचा विक्षिप्तपणा, संताप, धाक हेही चित्रपटाने झाकून ठेवलेलं नाही. ललित प्रभाकर यांनी तो हट्टी माणूस चांगला उभा केला आहे, आणि भाग्यश्री मिलिंद यांची आनंदी लक्षात राहते.

पण त्या संतापाचं चित्रपटात होतं काय? त्याचा ‘ध्यास’ होतो. तो रागावतो, कारण त्याला तिने शिकायला हवं आहे. तो कठोर होतो, कारण जग कठोर आहे. बघणारा हळूहळू त्याच्या बाजूला सरकतो, आणि शेवटी आनंदीला पदवी मिळते तेव्हा मागचा सगळा धाक त्या पदवीच्या पायऱ्या होऊन बसतो.

आनंदीबाईंचं स्वतःचं मत काय होतं? ते माहीत आहे. अमेरिकेतून त्यांनी नवऱ्याला लिहिलेली पत्रं काशीबाई कानिटकरांच्या चरित्रामुळे मराठीत शंभराहून अधिक वर्षं उपलब्ध आहेत. अंजली कीर्तने यांनी १९९७ च्या त्यांच्या ग्रंथात आणि मीरा कोसंबी यांनी त्यांच्या लेखनात आनंदीबाईंच्या आयुष्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातल्या एका पत्रात आनंदीबाई नवऱ्याच्या वागणुकीचा सरळ हिशेब मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाने मारणं, बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या आणि पुस्तकं फेकणं आणि सोडून जाईन म्हणून धमकावणं, चौदाव्या वर्षी आणखी तऱ्हेतऱ्हेच्या शिक्षा. ही वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणं अवघड आहे, असं त्या म्हणतात. हेतू पाहिला तर चांगली म्हणावी, आणि एका लहान मुलीच्या मनावर झालेला परिणाम पाहिला तर वाईट. हिंदू बाईला नवऱ्यापुढे तोंड उघडण्याचा हक्क नाही, हेही त्या लिहितात आणि हिंदू नवऱ्याने बायकोकडून सहनशीलता शिकून घ्यावी, असा टोलाही हाणतात.

वीस वर्षांच्या आतबाहेरची मुलगी, परक्या देशात, अंगात थंडी मुरलेली, आणि ती हे लिहिते. हेतू एका बाजूला ठेवते, परिणाम दुसऱ्या बाजूला. एकाने दुसरं फेडलं असं ती म्हणत नाही. आपण समुपदेशनाच्या वर्गात दोन वर्षं जे शिकलो, ते तिने त्या एका पत्रात केलेलं आहे.

चौदाव्या वर्षाचा उल्लेख पुन्हा वाचा. त्याच वयात तिला मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. ते मूल आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या दुःखातून ती डॉक्टर झाली, हे आपण भाषणांत सांगतो. त्याच वयातल्या शिक्षा मात्र आपल्या भाषणांत येत नाहीत. आमच्या समाजमंदिरात त्या दिवशी जमलेल्या बायकांपैकी एकीलाही असं काही पत्र आहे हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी ते वाचून दाखवलं नाही. का, तर ‘आज महिला दिन आहे, वातावरण चांगलं आहे, कशाला बिघडवा?’

‘तो काळच तसा होता’

हे वाक्य मला हमखास ऐकायला मिळतं. आजच्या फूटपट्टीने कालच्या माणसाला मोजू नका, म्हणतात. ठीक आहे, आजची फूटपट्टी बाजूला ठेवू. आनंदीबाईंची फूटपट्टी घेऊ. ती तर त्याच काळातली, त्याच घरातली आहे. मार खाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीपेक्षा त्या काळाचा जास्त अस्सल साक्षीदार कोण?

त्याच काळात आणखी एक बाई होती. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. त्यानंतरच्याच मार्च महिन्यात मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना हुकूम दिला, नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न मला मान्य नाही, मी तुरुंगात जाईन, असं त्या बाईने सांगितलं. पुढे तडजोड होऊन त्या सुटल्या, १८८९ साली लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि सुरत-राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं रुग्णसेवा केली. त्यांना नवऱ्याने घडवलं नाही. नवऱ्याला नाकारून त्या घडल्या. त्यांच्यावरही ‘डॉक्टर रखमाबाई’ हा अनंत महादेवन यांचा चित्रपट २०१६ साली निघाला. आपल्यापैकी किती संस्थांनी तो दाखवला? आमच्या संस्थेने नाही. मारणारा पण घडवणारा नवरा असलेली डॉक्टरीण आपल्याला कार्यक्रमाला बरी पडते. नवरा नाकारणारी डॉक्टरीण दाखवली तर वस्तीतली पुरुष मंडळी हॉलची चावी देणार नाहीत, ही भीती आपल्याला असते. ती भीती खरी आहे, पण तिला ‘ऐतिहासिक दृष्टी’ म्हणू नये.

डिकीत श्वास घेता येतो का?

आता दुसरा चित्रपट. सावकाराचा मुलगा बद्री एका लग्नात वैदेहीला पाहतो आणि तिच्या मागे लागतो. ती नाही म्हणते, तो येतच राहतो. थोरल्या बहिणीच्या लग्नाची गाठ त्याच्या मदतीने जमते, म्हणून घरचे तिचंही लग्न त्याच्याशी ठरवतात. ती ऐन मांडवातून निघून जाते आणि सिंगापूरला हवाईसुंदरीचं शिक्षण घेऊ लागते. सासरा होऊ घातलेल्या माणसाला ती जिवंत परत आणून फासावर लटकवायची आहे. बद्री सिंगापूरला पोचतो, भर रस्त्यातून तिला उचलतो आणि गाडीच्या डिकीत कोंबतो.

हा विनोदी चित्रपट आहे, हे लक्षात घ्या.

किशोरी गटात आम्ही इथे चित्रपट थांबवला. मुलींना विचारलं, आता पुढे काय होईल? पंधरा-सतरा वर्षांच्या बावीस मुली. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं : ती त्याला माफ करेल. एकीनेही ‘ती तक्रार करेल’ असं म्हटलं नाही. मुली बरोबर होत्या, कारण चित्रपटाची गोष्ट तीच आहे. थोड्याच वेळात वैदेहीच त्याची काळजी वाहू लागते, आणि त्याला सुधारण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते.

मग गटातली एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, तिने विचारलं, “ताई, डिकी बंद केल्यावर आत श्वास घेता येतो का?”

कुणी हसलं नाही. आम्ही चित्रपट पुन्हा चालू केला नाही. त्या मुलीचा प्रश्न हा त्या प्रसंगाचा खरा प्रश्न आहे, आणि चित्रपटाने तो एकदाही विचारलेला नाही. आत काय होतं, हे चित्रपटाला महत्त्वाचं वाटत नाही. बाहेर गाडी चालवणाऱ्याच्या मनाला किती लागलं आहे, एवढंच त्याला दाखवायचं आहे.

याच चित्रपटात पुढे बद्रीवरच काही पुरुष हात टाकतात, त्याचे कपडे फाडतात. तिथेही हशा पिकवला आहे. अंगावर हात पडणं ही बाईची शोकांतिका आणि पुरुषाची गंमत, असा तो हिशेब. त्याच्यावर झालेली जबरदस्ती हसण्यावारी आणि त्याने केलेली जबरदस्ती प्रेमावारी, म्हणजे जबरदस्ती म्हणून काही उरतच नाही.

कायद्याचं भान ठेवून बोलायचं, तर २०१३ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने बाईचा पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. मी तेव्हा एम.एस.डब्ल्यू. नुकतंच संपवून कामाला लागले होते, आणि कलम ३५४-ड चे पोस्टर आम्ही हाताने रंगवले होते. १ जुलै २०२४ पासून तेच कलम भारतीय न्याय संहितेत ७८ या क्रमांकाने आहे. म्हणजे हा चित्रपट आला, तेव्हा बद्री जे करतो त्याला गुन्हा ठरवून चार वर्षं झाली होती. पण कायदा पोस्टरवर राहिला, आणि बद्री मुलींच्या मोबाईलमध्ये गेला.

‘सिनेमा आहे हो, मनोरंजन आहे,’ असं म्हणणाऱ्यांना मी दोन गावांची आठवण करून देते. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला वर्गात शिरून जाळण्यात आलं. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुणीला रस्त्यात पेटवून देण्यात आलं. तीस वर्षांच्या अंतराने वर्तमानपत्रांनी दोन्ही वेळा एकच शब्द वापरला : ‘एकतर्फी प्रेम’. घरात शिरून कपाट फोडणाऱ्याला कुणी एकतर्फी व्यवहार करणारा म्हणत नाही, चोर म्हणतात. बाईच्या बाबतीत मात्र गुन्ह्याला प्रेमाचं आडनाव लागतं. एखादा चित्रपट बघून कुणी पेट्रोलची बाटली उचलतो असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की त्या शब्दाला रोज पाणी घालणाऱ्यांत हा हसराखेळता, पुरोगामी चित्रपटही आहे.

आमच्या फाइलमधला रकाना

आता मी माझीच गोष्ट सांगते, कारण चित्रपटवाल्यांना बोल लावणं सोपं आहे. (त्या मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आमच्या सल्ला केंद्रावर बावीस वर्षांची एक मुलगी आली. लग्न होऊन तीन वर्षं. नवरा खाजगी नोकरीत, दारू नाही, बाहेरची भानगड नाही. बायकोने नर्सिंग करावं अशी त्याचीच इच्छा. कर्ज काढून फी तोच भरायचा. पेपरात मार्क कमी पडले की पट्ट्याने मारायचा. रात्री पुस्तक घेऊन समोर बसवायचा, उत्तर चुकलं की कानाखाली. ती म्हणाली, “मारतो, पण शिकवतो.” तिची आई म्हणाली, “शिकवतोय ना? लोक तर घराबाहेर पडू देत नाहीत.”

आमच्या नोंदणी-पत्रकात ‘कुटुंबातील बलस्थाने’ असा एक रकाना आहे. मी तिथे स्वतःच्या हाताने लिहिलं : पती शिक्षणास पाठिंबा देतात. दोघांना समोर बसवलं, पुन्हा हात उचलणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं, आणि तिला घरी पाठवलं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मला पाठ होता. संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो हे मला माहीत होतं. तरीही मी तिला तो पर्याय नीट समजावून सांगितला नाही, कारण तो रकाना भरताना माझ्या डोक्यात गोपाळराव होते. मला वाटलं, हिचं शिक्षण तुटेल.

तीन महिन्यांनी ती परत आली. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं लिहून दिलं होतं. परीक्षा तर बुडालीच होती.

शिक्षण वाचवण्यासाठी मी तिला माराकडे परत पाठवलं, आणि शिक्षणही वाचलं नाही. ते वाचलं असतं, तरी मी चुकलेच असते. तिने पदवी घेतली असती आणि दुसऱ्या कानाने ऐकत आमच्या महिला दिनाला पाहुणी म्हणून आली असती, तर आम्ही टाळ्याच वाजवल्या असत्या. हेच जास्त भयंकर आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) नवऱ्याने बायकोला मारणं कोणत्या कारणांसाठी योग्य आहे, असं विचारलं होतं. सात कारणं पुढे ठेवली होती : न सांगता बाहेर जाणं, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष, उलट बोलणं, शरीरसंबंधाला नकार, स्वयंपाक नीट न करणं, दुसऱ्याशी संबंध असल्याचा संशय, सासू-सासऱ्यांचा अपमान. देशातल्या सुमारे ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यातलं निदान एक कारण मान्य केलं. आकडे ऐकून आपण हळहळतो. पण त्या यादीत ‘अभ्यास न करणं’ हे आठवं कारण असतं, तर? स्वयंपाक करत बसली म्हणून, पुस्तक घेतलं नाही म्हणून गोपाळरावांनी बायकोला मारलं, ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. लोक स्वयंपाक न केल्याबद्दल मारतात, हा केल्याबद्दल मारतो, केवढा वेगळा माणूस! कारण वेगळं होतं, हे कबूल. काठी तीच होती. आणि काठी कुणाच्या हातात राहणार, हे ठरवण्याचा हक्कही त्याच्याकडेच होता.

मग करायचं काय?

चित्रपटांवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. बंदीची मागणी करणारे मोर्चे कुणाचे असतात आणि ते शेवटी कुणाच्या घरावर जातात, हे आपण पाहिलं आहे. ‘आनंदी गोपाळ’ दाखवू नका, असंही मी म्हणत नाही. त्या ताईंच्या डोळ्यांत आलेलं पाणी खरं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला आनंदीची पदवी बघून भरून येतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. वैदेही मांडवातून निघून जाते तेव्हा आमच्या मुलींनी शिट्ट्या मारल्या, त्याही मला आवडल्या. दोन्ही चित्रपटांत बाईच्या कर्तृत्वाचा भाग आहे, तो आपला आहे. तो घेऊ. पण त्याच्याबरोबर बांधून दिलेली पुडी परत करू.

आमच्या केंद्रात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. इतर संस्थांनी त्यावर वाद घालावा म्हणून इथे मांडते.

एक, चित्रपट दाखवायचा तर मध्ये थांबवायचा. जिथे हात उचलला जातो, धमकी दिली जाते, वाट अडवली जाते, तिथे. आणि विचारायचं, तिला आत्ता काय वाटत असेल? त्याला का राग आला, हे विचारायचं नाही. ते चित्रपट सांगतोच.

दोन, ‘आनंदी गोपाळ’नंतर आनंदीबाईंचं ते पत्र वाचायचं. पूर्ण. वातावरण बिघडलं तर बिघडू द्यायचं.

तीन, ‘बलस्थाने’ हा रकाना आम्ही पत्रकातून काढलेला नाही, पण त्यात आता फक्त त्या बाईची बलस्थानं लिहितो : तिचं शिक्षण, कमाई, मैत्रिणी, माहेर, तिची स्वतःची जिद्द. नवरा कमावतो, पीत नाही, शिकवतो, या गोष्टी मारासमोर तोलायला तिथे येणार नाहीत. संस्थेतल्याच काही जणींचा याला विरोध आहे. आपण कुटुंब मोडायला बसलो आहोत का, असं त्या विचारतात. माझं उत्तर असं की कुटुंब मोडायला आपण बसलेलो नाही, पण त्यासाठी एखादीचा कान मोडू द्यायलाही बसलेलो नाही.

ती मुलगी आता माहेरी आहे. फी कुणी भरायची हा प्रश्न उभा राहिला, तो सुटायला दीड वर्ष गेलं. आता तिने पुन्हा प्रवेश घेतला आहे. उजवा कान पुढे करून पहिल्या बाकावर बसते. तिच्यावर कुणी चित्रपट काढणार नाही. काढलाच तर तिच्या नावापुढे कुणाचं नाव लावतील याची मला धास्ती वाटते.

येत्या ८ मार्चला आम्ही त्याच समाजमंदिरात तोच चित्रपट पुन्हा दाखवणार आहोत. धुणीभांडी करणाऱ्या त्या ताईंना मी आत्ताच सांगून ठेवलं आहे की या वेळी पहिल्या रांगेत बसा, पत्र तुम्हाला ऐकवायचं आहे. त्यांनी विचारलं, “कुणाचं पत्र?” मी म्हटलं, “यमुनाचं.” त्यांनी ते नाव ऐकलं नव्हतं.